वडिलांचा जुना .२२ रिव्हॉल्व्हर दुरुस्त करावा, की डबे उडवायला नवा घ्यावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही ओहायोत राहता, वडिलांच्या पश्चात त्यांचा एच अँड आर ९२२ (हॅरिंग्टन अँड रिचर्डसन कंपनीचा नऊ गोळ्यांचा रिव्हॉल्व्हर) तुमच्याकडे आलाय. सिलिंडर मध्येच अडकतो, गोळी झाडली की शेजारी उभ्या असलेल्याच्या हाताला काहीतरी बारीक टोचतं. तुम्हाला फक्त रिकाम्या डब्यांवर नेम धरायचाय. दुरुस्ती करावी, की रुगर कंपनीचा नवा .२२ रिव्हॉल्व्हर, रँग्लर, घ्यावा?

ते टोचणं म्हणजे गोळी नळीच्या तोंडाला घासून उडालेला शिशाचा कीस. त्याचं कारण सापडेपर्यंत एकही गोळी झाडू नका. उडालेला कण डोळ्यात गेला तर पुढची चर्चाच नको.

आधी एक गोष्ट, कारण आपल्या लोकांना ती बहुधा माहीत नसते. तुम्ही नागरिक किंवा ग्रीन कार्डवाले असाल तर ठीक. पण एच-१बी, एल-१ अशा नोकरीच्या किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल, तर वारशाने आलेली बंदूकच काय, एक काडतूस बाळगणंही संघीय कायद्याने गुन्हा आहे. एखाद्या राज्याचा चालू शिकार परवाना हातात असेल तर त्यातून सूट मिळते.

आता तपासणी. मधली पिन पुढे ओढा, सिलिंडर हातात येईल. नऊही चेंबर (काडतूस बसतं ती भोकं) उजेडात धरून रिकामे असल्याची खात्री करा. अडकण्याचं कारण शोधायला एक सोपी खूण आहे. रिकामा असतानाही अडकत असेल, तर मधल्या पिनेवर वाळून घट्ट झालेलं तेल किंवा आतल्या यंत्रणेची झीज. भरल्यावरच अडकत असेल, तर काडतूस पूर्ण आत बसत नाही आणि त्याची कड मागच्या पत्र्याला घासते. जुन्या .२२ मध्ये हे फार दिसतं, कारण लोक स्वस्त पडतात म्हणून वर्षानुवर्षं ‘शॉर्ट’ काडतुसं वापरत. त्यांची पुंगळी आखूड, त्यामुळे चेंबरमध्ये तिच्या तोंडापाशी काजळीचं कडं जमतं आणि लांब पुंगळीचं ‘लाँग रायफल’ काडतूस तिथे अडतं. कांस्याचा .२२ ब्रश आणि सॉल्व्हेंट, प्रत्येक चेंबरला वीसेक फेऱ्या, मधे दहा मिनिटं मुरू द्यायचं. बंदुकीवर निकेलचा मुलामा असेल तर अमोनियाचं सॉल्व्हेंट त्यावर रेंगाळू देऊ नका. मुलाम्याखाली तांब्याचा थर असला तर ते त्याला खातं.

चेंबरच्या मागच्या तोंडाची कड नखाने चाचपा. रिकाम्या बंदुकीचा चाप ओढत बसायची सवय असेल तर फायरिंग पिन त्या कडेवर आपटून बारीक खड्डा पाडते आणि धातू आत सरकतो. मग काडतूस घट्ट बसतं, पुंगळी निघता निघत नाही. हे कानशीने घासू नका, चेंबर मोठा होईल. सरकलेला धातू दाबून जागेवर बसवायचं खास हत्यार मिळतं. पुढे रिकाम्या बंदुकीचा चाप ओढायच्या सरावाला हार्डवेअरच्या दुकानातले भिंतीत ठोकायचे पिवळे प्लॅस्टिकचे प्लग चेंबरमध्ये घाला. चारपासून सहा नंबरच्या स्क्रूचे छान बसतात आणि पिनेचा मार झेलतात.

शिशाच्या किसाची तपासणी अशी. रिकाम्या बंदुकीचा घोडा (चाप ओढला की पुढे आपटतो तो मागचा हातोडा) अंगठ्याने सावकाश मागे घ्या, दुसऱ्या हाताचं बोट सिलिंडरला हलकं टेकवून किंचित अडवा. घोडा पूर्ण मागे गेल्यावर सिलिंडर बोटाने आणखी पुढे फिरून खट्ट बसला, तर तो नळीसमोर वेळेत येत नाहीये. नऊही चेंबरना हे करा, एखादाच चुकार निघतो. चाप सुटलेला असताना सिलिंडर जरा हलला तर घाबरू नका, या घराण्यात ते चालतं. चाप दाबून धरलेला असताना मात्र फार हलता कामा नये. नंतर फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घ्या: सिलिंडर आणि नळीमधली फट ०.००४ ते ०.००८ इंच असावी. ०.०१० च्या वर गेली तर गनस्मिथकडेच, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे. शेवटी घोडा पूर्ण मागे असताना त्याला अंगठ्याने पुढे ढकला. तो सुटला तर बंदूक तिथेच बाजूला ठेवा.

नुसती काजळी निघाली तर तुमचा खर्च ब्रश-सॉल्व्हेंटचा. सिलिंडर फिरवणाऱ्या खटक्याची स्प्रिंग तुटली असेल तरी दुरुस्तीला माझी ना नाही. पण मूळ एच अँड आर कंपनी १९८६ मध्ये बंद झाली. सुटे भाग मिळतात ते बहुतेक मोडून काढलेल्या बंदुकांचे, म्हणजे तेही झिजलेले आणि घासून बसवावे लागणारे. त्यात गनस्मिथचे तासच जास्त जातात. वेळच चुकत असेल आणि फटही मोठी असेल, तर मी पैसे घालणार नाही. चालू स्थितीतलं जुनं ९२२ दुरुस्तीच्या बिलापेक्षा स्वस्तात मिळून जातं. हाच प्रश्न स्मिथ अँड वेसनच्या के-२२ सारख्या उंची रिव्हॉल्व्हरबद्दल असता तर डोळे मिटून दुरुस्त करा म्हटलं असतं.

रँग्लर २०१९ साली २४९ डॉलर छापील किमतीला आला. ट्रान्सफर बार (चाप दाबल्याशिवाय घोड्याचा मार पिनेपर्यंत पोचू न देणारी पट्टी) असल्याने सहाही चेंबर भरून ठेवता येतात. जुन्या, घोड्यावरच पिन असलेल्या रिव्हॉल्व्हरात घोड्याखालचा चेंबर रिकामा ठेवावा लागतो. खोट म्हणजे माशी (नेम धरायची खूण) पक्की बसवलेली. नेम डावीकडे जात असेल तर फिरवायला स्क्रू नाही, म्हणून दुकानात नळीवरची माशी सरळ आहे का ते नीट बघून घ्या. शिवाय एकेक गोळी भरायची, एकेक पुंगळी काढायची. दुपारभर दोनशे गोळ्या उडवायच्या असतील तर दहा गोळ्यांच्या मॅगझिनचा रुगर मार्क ४ हा पिस्तुलाचा प्रकार घ्या. महाग आहे, पण त्याच्या टार्गेट प्रकारात मागची नेमाची खूण फिरवता येते आणि तो एका बटणावर उघडतो. फक्त सगळ्यात स्वस्त खोक्यातली मंद काडतुसं त्यात अडकतात. रिव्हॉल्व्हर ती कुरकुर न करता खातो.

९२२ ठेवून द्यायचा ठरला तर पुसून, पातळ तेलाचा हात फिरवून ठेवा, चामड्याच्या म्यानात नको. चामडं ओल धरतं, महिन्याभरात नळीवर तांबूस ठिपके येतात.