कोणतं पाठ करू, असं विचारलंस म्हणून

पोरी,

काल रात्री दीड वाजता तुझे गूगल ॲड्सच्या, म्हंजे गूगलवर जाहिराती लावायच्या सर्टिफिकेटच्या परीक्षेचे, तीन स्क्रीनशॉट आले. तीन प्रश्न, प्रत्येकाखाली वेगवेगळ्या पीडीएफमधली वेगवेगळी उत्तरं, आणि शेवटी तुझी ओळ, काका यातलं कोणतं पाठ करू. मी झोपेत बघितलं आणि फोन उलटा ठेवला. खरं सांगतो, राग आला. सकाळी दुकान उघडून काउंटर पुसताना परत आठवलं, तेव्हा तो राग बराचसा माझ्याकडंच वळला, म्हणून दोन ओळीत उत्तर द्यायच्या ऐवजी हे लांबलचक लिहायलोय. खाली मागाच्या खडखडाटात वाचू नकोस, गच्चीवर जा.

यातलं काहीच पाठ करू नकोस. ते प्रश्नच मेलेले आहेत. कीवर्ड, म्हंजे जो शब्द शोधल्यावर आपली जाहिरात दिसावी तो, त्याच्या आधी अधिकचं चिन्ह लावायचं ते प्रकरण २०२१ मध्येच फ्रेज मॅचमध्ये, म्हंजे शोधात आपल्या शब्दांचा अर्थ असला तरच जाहिरात दाखवायची त्या प्रकारात, मिसळून टाकलं. एक्स्पांडेड टेक्स्ट ॲड, ती जुन्या प्रकारची मजकुराची जाहिरात, ३० जून २०२२ नंतर नवीन बनवताच येत नाही. आणि ॲव्हरेज पोझिशन, जाहिरात सरासरी कितव्या नंबरवर आली तो आकडा, तो तर २०१९ ला काढून टाकला, तू तेव्हा शाळेत असशील. कुणीतरी जुन्या पीडीएफवर नवीन वर्ष चिकटवून ग्रुपवर सोडलंय आणि तू रात्रभर हायलायटर घेऊन बसलीयेस. ७४ टक्के पडले ते हुशारी कमी म्हणून नाही, दुसऱ्याची शिळी उत्तरं पाठ केलीस म्हणून. सहा टक्क्यांनी गेलं, उद्या परत देता येतं, एक दिवस थांबावं लागतं एवढंच. फी नाही. मग ते पुण्याचं पंचवीस हजारांचं क्लासचं खूळ डोक्यातून काढ, अण्णांनी एवढ्या पैशासाठी किती नग विणायचे याचा हिशोब तुला मी सांगायची गरज नाही.

परीक्षेचं म्हणशील तर ७५ मिनिटं, पन्नासच्या आसपास प्रश्न, म्हंजे एका प्रश्नाला दीड मिनिट. सर्टिफिकेट एक वर्ष चालतं. सगळा अभ्यास गूगलच्या स्किलशॉप साईटवर फुकट पडलाय, तो वाचायचा कंटाळा म्हणून पीडीएफ. असो.

मला तुला एकच गोष्ट सांगायचीय आणि ती मी या पत्रात चार-पाच वेळा सांगणार आहे, वैतागू नकोस. गिऱ्हाईक काय टाइप करतंय ते वाच. आपण काय विकतो ते नाही, आपण त्याला काय म्हणतो ते तर अजिबातच नाही.

तुझंच घर घे. तुमच्याकडं नॅपकिन म्हणलं की काय? हात पुसायचा, खांद्यावर टाकायचा छोटा टॉवेल. सोलापूरच्या सगळ्या पूर्व भागात, चाटी गल्लीत, एमआयडीसीत, नॅपकिन म्हंजे तोच. बाहेरच्या माणसानं नॅपकिन टाइप केलं तर त्याला काय पायजे असतं? हॉटेलातला टिशू, नाहीतर सॅनिटरी नॅपकिन. तू ब्रॉड मॅचमध्ये, म्हंजे जवळपासच्या कुठल्याही शोधाला जाहिरात दिसते त्या प्रकारात, नुसतं नॅपकिन टाकून झोपलीस तर सकाळी पैसे संपलेले आणि फोनवर बाया विचारणार, एक्स्ट्रा लार्ज आहे का. टर्किश टॉवेलचंही तेच. आपल्यासाठी तो अक्कलकोट रोडला विणलेला, आणि तिकडं एखाद्याला खरंच तुर्कस्तानचा पायजे असतो.

आता माझं ऐक, हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं.

२०१७ साल. गूगल ॲड्स नाव पुढच्या वर्षी आलं, तेव्हा ॲडवर्ड्स म्हणायचे. मी परीक्षा पास झालो, ९१ टक्के, पाठ करून, अगदी तुझ्यासारखं. सर्टिफिकेट लॅमिनेट करून गल्ल्याच्या वर सिद्धेश्वराच्या फोटोशेजारी लावलं. मेव्हण्यानं वेबसाईट काढली, चाळीस हजार त्याचे, डोकं माझं. मी कीवर्ड टाकला, चादर. ब्रॉड मॅच. सोलापुरात बसून चादर म्हणल्यावर दुसरं काय डोक्यात येणार. क्लिक धो धो यायला लागले, मी दर तासाला आकडा बघून खूश. मग फोन सुरू झाले. एक जण विचारतोय, चादर किस गेज की है, त्याला शेडवर टाकायचे पत्रे पायजे होते, हिंदीत पत्र्यालाही चादर म्हणतात की. एक बाई, आवाज अजून आठवतो, लई अदबीनं बोलायची, दर्ग्यावर चढवायची चादर पायजे होती, हिरवी, जरीची, उरूस कधीचा तेही तिनं सांगितलं. कुणाला पलंगावरची साधी फुलाफुलाची बेडशीट. पलंगपोस म्हणतो आपण त्याला, ते चादर म्हणतात.

आणि मी काय केलं? हे फोन चहाच्या टपरीवर जोक म्हणून सांगितले. आठवडाभर. लोक हसून हसून मेले. गिऱ्हाईक स्वतः फोन करून सांगत होतं की तुझा शब्द चुकलाय आणि मी त्याची नक्कल करून दाखवत होतो. तीन आठवड्यांत चाळीस हजार गेले, ऑर्डरी अकरा, त्यातल्या दोन परत आल्या.

जीव कशानं जळतो सांगू? सर्च टर्म्स रिपोर्ट तेव्हाही होता. लोकांनी काय टाइप केल्यावर जाहिरात दिसली ते ओळीनं लिहिलेलं असतं त्यात. आता तर २०२० च्या सप्टेंबरपासून गूगल थोड्या लोकांनी शोधलेले शब्द लपवतं, तेव्हा बरंच काही दिसायचं. एका क्लिकवर होतं. मी उघडला नाही. परीक्षेत त्यावर प्रश्न आला होता, मी बरोबर टिक केला होता.

एक मात्र आहे, सगळी चूक माझी नव्हती. तेव्हा कोण कोण फोन करून बजेट वाढवा, बजेट वाढवा म्हणायचे, मेव्हण्यालाही घाई होती, दिवाळीच्या आत माल काढायचा होता, आणि सोलापुरात विचारायला दुसरं होतं तरी कोण. नंतर मी दोन वर्षं एक रुपयाची जाहिरात दिली नाही, त्याला लोक भित्रा म्हणाले, मी म्हणतो ते बरोबरच होतं, कारण त्या दोन वर्षांत मी वहीत लिहून काढलं की दुकानात येणारा माणूस पहिला शब्द काय उच्चारतो. मेव्हणा नोकरीला पुण्याला गेला. हुतात्मा एक्स्प्रेसनं येतो दिवाळीला, जेवताना एकदा तरी विचारतो, दाजी तुमची परीक्षा काय म्हणती. मी शेंगा चटणी पुढं सरकवतो.

ती वही तुला दाखवीन. बाहेरगावचं गिऱ्हाईक 'जेकार्ड', म्हंजे मागावरच नक्षी विणलेलं, असं कधीच म्हणत नाही. ते म्हणतं सोलापुरी चादर, जाड चादर, थंडीची चादर, ती दोन्ही बाजूनं वापरता येती ती चादर. आता तुझ्या अभ्यासातलं शॉपिंग ॲड्सचं, म्हंजे फोटो आणि भावासकट दिसणाऱ्या जाहिरातींचं, प्रकरण आठव. शॉपिंगला कीवर्ड टाकायचाच नसतो, गूगलच्या मर्चंट सेंटरमध्ये मालाची जी यादी देतो, फीड, त्यातून गूगल ठरवतं कुणाला दाखवायचं. मग गिऱ्हाईकाचा शब्द जाणार कुठं? टायटलमध्ये. दीडशे अक्षरांपर्यंत जागा आहे पण फोनवर पुढचीच थोडी दिसतात, म्हणून महत्त्वाचा शब्द आधी. अण्णांच्या मालाचं टायटल तू काय केलंयस ते मी बघितलं, 'प्रीमियम क्वालिटी डिझाईन नंबर ४४०'. अगं ४४० नंबर कोण शोधतंय? सोलापुरी चादरीला जीआय, म्हंजे भौगोलिक मानांकन आहे, नावालाच बाजार आहे, बाहेरचे लोक दुसरीकडचा माल त्या नावानं खपवतात आणि तुम्ही खरे विणणारे टायटलमध्ये तो शब्दच घालत नाही. 'सोलापुरी चादर, कॉटन, डबल बेड, जाड', मग माप इंचात, मग रंग. आणि बारकोडची जागा रिकामी दिसती म्हणून कुठला तरी नंबर ठोकून देऊ नकोस, ज्या मालाला बारकोडच नाही त्याला नाही म्हणून सांगायची सोय आहे, आयडेंटिफायर एक्झिस्ट्स या रकान्याच्या पुढं नो. भाव बदलला की वेबसाईटवर आणि फीडमध्ये दोन्हीकडं बदल, नाहीतर माल नामंजूर होतो. हे परीक्षेतही येतं.

निगेटिव्ह कीवर्ड तुला अवघड जातंय म्हणालीस. तुझ्या आईला विचार, दारावर नको असलेले फेरीवाले ती कशी ओळखते. जे शब्द नकोत ते आधीच सांगून ठेवायचे, पत्रा, स्टील, दर्गा, सॅनिटरी, टिशू. फक्त एक ध्यानात ठेव, निगेटिव्हला समानार्थी शब्द कळत नाही, एकवचन दिलं तर अनेकवचन आपोआप अडत नाही. नेहमीच्या कीवर्डला कळतं, निगेटिव्हला नाही. हा प्रश्न हमखास फसवतो. तसाच दुसरा, क्वालिटी स्कोअर. गूगल कीवर्डला एक ते दहा मार्क देतं, तीन गोष्टींवर, क्लिक व्हायची अपेक्षा, जाहिरात शोधाला किती लागू, आणि लँडिंग पेजचा, म्हंजे क्लिक केल्यावर उघडतं त्या पानाचा, अनुभव. पण हा आकडा कुणाची जाहिरात दिसायची ते ठरवणाऱ्या लिलावात थेट वापरत नाहीत, तो आपल्याला तब्येत कळावी म्हणून असतो. ताप मोजायच्या थर्मामीटरसारखं, थर्मामीटर गार पाण्यात बुडवून ताप उतरत नाही. आणि या तिन्ही गोष्टींचं मूळ काय आहे बघ, त्यानं काय टाइप केलं. परत तिथंच आलो.

ब्रॉड मॅच आणि स्मार्ट बिडिंग, म्हंजे किती बोली लावायची ते मशीननं ठरवायचं, एकत्र वापरा, असं गूगलवाले शिकवतात, परीक्षेत तेच टिक कर, भांडत बसू नकोस. ते खोटंही नाही. मशीनला रोजच्या ऑर्डरी दिसत असतील तर ते शिकतं. पण महिन्याला अकरा ऑर्डरी असणाऱ्याकडून ते काय शिकणार, कपाळ? तोवर फ्रेज, एक्झॅक्ट म्हंजे नेमका त्याच अर्थाचा शोध, आणि आठवड्यातून दोनदा सर्च टर्म्स.

हिशोबाचा प्रश्न तू सोडलास म्हणालीस, आकडे बघून घाबरलीस म्हणून. चार मागांचा पगार शनिवारी तूच काढतीस ना? मग. टॉवेलचा सेट सहाशेला, त्यात सुटतात दीडशे. क्लिक सहा रुपयांना. शंभर क्लिकला दोन ऑर्डरी. खर्च सहाशे, विक्री बाराशे, आरओएएस, म्हंजे जाहिरातीच्या खर्चावर विक्री किती, तो झाला २०० टक्के. पडद्यावर झकास दिसतं, एका रुपयाला दोन. गल्ल्यात बघ, दोन सेटचे सुटले तीनशे, जाहिरातीला गेले सहाशे, घरचे तीनशे घालवून टॉवेल वाटले. शंभराला पंचवीस सुटत असतील तर चारशे टक्क्यांच्या खाली सगळा तोटाच, आणि त्यात कॅश ऑन डिलिव्हरीचं पार्सल परत आलं की दोन्ही वेळचं भाडं आपल्याच डोक्यावर. परीक्षेत फक्त पहिला भाग विचारतात, विक्री भागिले खर्च. दुसरा भाग अण्णांना समजावून सांगून बघ, त्यांना तुझ्यापेक्षा लवकर कळेल.

तू विचारलंस की सर्टिफिकेटचा उपयोग आहे का. मुलाखतीला आहे, आत घेतात. माझं अजून लावलेलंच आहे गल्ल्यावर, मुदत कधीच संपली, कडेनं लॅमिनेशन सुटलंय. काढत नाही. मेव्हण्याला वाटतं मिरवायला ठेवलंय. वाटू दे.

मी थोडा जास्त बोललो असेन. पण दीड वाजेपर्यंत जागून दुसऱ्याची चुकलेली उत्तरं पाठ करणारी पोरगी बघितली की मला नव्वद टक्केवाला मीच दिसतो, आणि त्याला कुणी कानफटात मारली नव्हती.

रविवारी दुपारी चारला दुकानात ये. माझ्या खात्याच्या गेल्या दोन महिन्यांच्या सर्च टर्म्सची प्रिंट काढून ठेवतो, नऊ पानं आहेत. तू लाल पेन घेऊन नको असलेल्या शब्दांवर काट मारायची, का मारली ते मला तोंडी सांगायचं. सोमवारी परीक्षा. पीडीएफ आणू नकोस, फोनमधूनही काढून टाक. आणि तुमच्याकडं पाणी रविवारी येणार असेल तर भरून मग ये, उशीर झाला तरी मी बसलेलोच असतो.

काका