प्लगइनवर आत्ताच पैसे घालू नकोस

भावा, कॉम्प्युटरवर गाणी बनवताना वाद्यांचे आवाज देणारं जोड-सॉफ्टवेअर म्हणजे प्लगइन. ते क्रॅक केलेलं तर नकोच, पण सुरुवातीला विकतचंही नको. सिंथसाठी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक आवाज बनवायला, सर्ज एक्सटी घे, पूर्ण मोफत आहे. व्हायटल या दुसऱ्या सिंथची मोफत आवृत्तीही शिकायला भरपूर झाली. पियानोला सॅलॅमँडर घे, यामाहा सी५ या खऱ्या ग्रँड पियानोवरून रेकॉर्ड केलेला.

फ्रीसाउंड या वेबसाइटवरून सॅम्पल, म्हणजे रेकॉर्ड केलेले आवाजाचे तुकडे, घेताना प्रत्येकाचं लायसन्स बघ. सीसी०, म्हणजे सगळे हक्क सोडलेलं, असेल तर बिनधास्त वापर. ॲट्रिब्यूशन असेल तर मूळ आवाज देणाऱ्याचं नाव द्यावंच लागतं. नॉनकमर्शियल लायसन्सचं सॅम्पल कमाईच्या गाण्यात नको.

हलगी आणि चौंडकं मात्र मला कुठल्याच मोफत पॅकमध्ये मनासारखं मिळालेलं नाही. आपल्याकडे खानापूर, निपाणीत वाजवणारे आहेत. रीतसर विचार, मानधन दे आणि स्वतः रेकॉर्ड कर. रेकॉर्डिंगची सेटिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल अशी ठेव. हलका, मध्यम, जोराचा, असा प्रत्येक ठोका चार-पाचदा घे आणि डिसेंट सॅम्पलर या सॅम्पल वाजवणाऱ्या प्लगइनमध्ये राउंड रॉबिन लाव, म्हणजे दर वेळी वेगळं रेकॉर्डिंग आळीपाळीने वाजेल. तोच ठोका पुन्हापुन्हा आला की कान लगेच पकडतो. आणि हलगी शेकल्याबरोबर घे, गार झाली की चामडं सैल पडून आवाज उतरतो. खोलीतला पंखा आधी बंद कर.