दुसरी बॅटरी घ्यायची की पार्किंगमध्ये प्लग?

ताई नमस्कार. तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. पुण्यात धायरीला तिसऱ्या मजल्यावर राहता, लिफ्ट नाही, इलेक्ट्रिक स्कूटरला २ किलोवॅट-अवरची (म्हणजे दोन युनिट वीज मावणारी) काढता येणारी एकच बॅटरी आहे, रोज शिवाजीनगरला जाऊन-येऊन २६ किलोमीटर, आणि रात्री ती ११ किलोची बॅटरी हातात धरून जिने चढायचे. महिन्यातून एकदा साताऱ्याला आईकडे जाता ते एसटीने. डीलर म्हणतोय ४५,००० ला दुसरी बॅटरी घ्या, सीटखालच्या रिकाम्या खणात बसेल, सातारा एका दमात होईल, पैसे नसतील तर २,२५० चा हप्ता २४ महिने. मिस्टर म्हणतात हप्ता नको, १,२०,००० ची एफडी आहे ती मोडू.

माझ्या मते हप्ताही नको आणि एफडीलाही हात लावू नका. तुमच्या पत्रात दोन वेगवेगळे त्रास आहेत आणि डीलरने ते एकाच बॅटरीत बांधून विकायला काढलेत. रोजचा त्रास जिन्याचा आहे, तो दुसऱ्या बॅटरीने सुटत नाही उलट वाढतो, कारण मग ११ च्या जागी २२ किलो वर न्यायचं. आणि साताऱ्याचा त्रास वर्षातून बारा वेळाचा आहे.

आधी सातारा बघू. गावात तुमची गाडी एका किलोमीटरला साधारण ३० वॅट-अवर (हजार वॅट-अवर म्हणजे एक युनिट) खाते, म्हणून ६०-६५ किलोमीटर मिळतात. हायवेला ५५-६० च्या स्पीडने तेच ३६-३८ वर जातं, त्यात जाताना खंबाटकी घाटाचा चढ आहे. दोन्ही बॅटऱ्या फुल्ल असल्या तरी हिशेब शंभर-एकशेपाच किलोमीटरवर संपतो आणि धायरी ते सातारा अंतर जवळपास तेवढंच आहे. म्हणजे ४५,००० घालूनही साताऱ्याच्या अलीकडच्या लिंब फाट्यापासून जीव मुठीत धरून गाडी चालवायची, समोरून वारा असेल तर पोचणारही नाही. एका दमात होईल हे डीलरचं बोलणं कागदावरच्या रेंजवरचं आहे.

आता पैशाचं. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, तुमचं येऊन-जाऊन सव्वादोनशेच्या आसपास होतं असं तुम्हीच लिहिलंय. बारा फेऱ्यांचे वर्षाला २,७०० झाले. तुमची एफडी ७ टक्क्यांची आहे, त्यातल्या ४५,००० चं वर्षाचं व्याज ३,१५०. म्हणजे ती रक्कम जागेवर राहिली तर तिच्या व्याजातून वर्षभराची एसटी निघते आणि मुद्दल तसंच राहतं. बॅटरी घेतली तर मुद्दलही गेलं. लिथियमची बॅटरी वापरली नाही तरी वयाने उतरते, महिन्यातून दोन दिवस लावायची आणि बाकी कपाटात ठेवायची म्हटलं तरी तीन-चार वर्षांनी ती नव्यासारखी राहणार नाही.

हप्त्याबद्दल. ४५,००० चे २४ महिन्यांत ५४,००० होतात. डीलरने १० टक्के सांगितले ते फ्लॅट. तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत असता तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण ४५,००० वरच लावलेलं असतं, बँकेच्या पद्धतीने काढलं तर हा दर १८ टक्के पडतो. आणि इन्कम टॅक्समध्ये सूट मिळेल असं जे सांगितलंय, ते कलम ८०ईईबी गाडीच्या कर्जाच्या व्याजासाठी होतं आणि ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच लागू होतं, तुम्हाला त्याचा काही उपयोग नाही. अजून एक, गाडीसोबत बॅटरी आली की सगळ्यावर ५ टक्के जीएसटी, तीच बॅटरी नंतर सुटी घेतली की १८. तुमच्या ४५,००० मध्ये जवळपास ६,९०० नुसता जीएसटी आहे. हे गाडी घेतानाच कुणीतरी तुम्हाला सांगायला हवं होतं.

एफडी मोडायचीच नाही कारण तुमच्याकडे अडीअडचणीला दुसरं काही नाहीये. मिस्टरांचा जॉब कॉन्ट्रॅक्टवर आहे, घरखर्च ३५,००० आहे, म्हणजे ही एफडी साडेतीन महिने घर चालवेल एवढीच आहे. तिला भोक पाडायचं कारण बॅटरी नक्कीच नाही.

खर्च करायचाच तर जिन्यावर करा. पार्किंगमध्ये स्वतःच्या मीटरवरून केबल ओढून १६ अँपियरचं सॉकेट, लोड जास्त झाला की वीज तोडणारा वेगळा एमसीबी, करंट लीक झाला की ट्रिप होणारा आरसीसीबी आणि नीट अर्थिंग, याचं कोटेशन तुम्हाला ९,००० आलंय. मला ते पटतंय. एफडी न मोडता दोन-तीन महिन्यांच्या बचतीतून होईल. सोसायटीला लेखी अर्ज द्या, त्यात स्पष्ट लिहा की वीज माझ्या मीटरवरून येणार, कॉमन बिलावर एक युनिटही पडणार नाही. कमिटीतल्या लोकांना बहुतेक वेळा तीच भीती असते.

हे मी एवढं जीव तोडून का सांगतोय तर तुमच्या चार्जिंगची जागा. पॅसेजमध्ये दाराजवळ, एक्स्टेंशन बोर्डला, रात्रभर. ताई हे आजपासून बंद करा. माझ्या घरी पहिल्या वर्षी आम्हीही साध्या एक्स्टेंशनवरच गाडी लावायचो, एक दिवस प्लग काढताना बोटाला चटका बसला, बघतो तर एका पिनच्या बुडाशी प्लास्टिक तपकिरी होऊन मऊ पडलेलं. तासन् तास सलग करंट ओढला जातो आणि बोर्डातली पत्ती सैल असते, तिथेच तापतं. त्यात तुमची बॅटरी घरातून बाहेर पडायच्या एकमेव वाटेवर आहे. सॉकेट होईपर्यंत भिंतीतल्या चांगल्या सॉकेटला थेट लावा, संध्याकाळी घरी आल्यावर अर्धा तास गार होऊ द्या, जागे असताना चार्ज करा आणि झोपायच्या आत काढा. तुम्हाला रोज फुल्ल करायचीही गरज नाही, २६ किलोमीटरला ८०-८५ टक्के भरपूर झाले, बॅटरीही जास्त टिकते.

बिलाची काळजी करू नका. महिन्याला ६५० किलोमीटर म्हणजे चार्जरमधली गळती धरून २२-२३ युनिट. तुमचं बिल २१० युनिटचं आहे, हे वरचे युनिट १०१ ते ३०० च्या स्लॅबमध्ये पडतात, २०२५-२६ च्या दराने वहन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क धरून साधारण १३ रुपयांनी, म्हणजे महिन्याला तीनशे. पेट्रोलला हेच पंधराशे गेले असते. फक्त एप्रिल-मेमध्ये कूलर चालू झाला की ३०० च्या वर जाऊ देऊ नका, त्याच दराने तिथून युनिट १६-१७ ला पडतं.

हे जे बाराशे वाचतात त्यातले हजार रुपये तीन वर्षांच्या आरडीला टाका, चाळीस हजारांच्या आसपास होतील. तोपर्यंत आताची बॅटरी थकायला लागलेली असेल, तेव्हा रोखीने नवी घ्या, जुन्याच्या बदल्यात काय देतात तेही बघा. मध्येच कुणी कमी पैशात लोकल पॅक बसवून देतो म्हणालं तर एआयएस-१५६ चं (दुचाकीच्या बॅटरीच्या सुरक्षेचं भारतीय मानक) सर्टिफिकेट मागा, नसेल तर फुकटही घेऊ नका.

आणि दिवाळीला गाडीनेच माहेरी जायचं मनात असेल तर जरूर जा, माझा विरोध नाहीये. तुमची मामेबहीण शिरवळला आहे ना, तिथपर्यंत ४५ किलोमीटर आरामात होतात. डिकीत चार्जर ठेवा, तिच्याकडे जेवण, गप्पा, बॅटरी फुल्ल होईपर्यंत तीनेक तास चार्जिंग, मग खंबाटकीच नाही तर साताऱ्यापर्यंतचा सगळा रस्ता पंचेचाळीसच्या स्पीडनेच काढा, ५५-६० ने गेलात तर पुरणार नाही. तुमचा चार्जर ६५० वॅटचा आहे, तासाला जेमतेम वीस किलोमीटर भरतो, त्यामुळे चहापुरतं हॉटेलवर लावून काही होत नाही. हायवेवरच्या फास्ट चार्जरच्या भरवशावरही निघू नका, प्रत्येक स्टेशनचा कनेक्टर तुमच्या गाडीला बसतोच असं नाही.

इलेक्ट्रिशियनला पैसे द्यायच्या आधी कोटेशनवर केबलची जाडी लिहून घ्या, तुम्ही पाठवलेल्या फोटोत नुसतं ‘वायरिंग’ लिहिलंय. कमीत कमी अडीच स्क्वेअर एमएम, आणि उद्या मोठ्या बॅटरीची गाडी येईल म्हणून चारची घेतलीत तर अजून बरं.