दहा मिनिटांत बरं झालं, मग हार्टची रक्ततपासणी कशाला?

हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की पेशंट खुर्चीत बसायच्या आधीच कळतं आता. हात जड पडला, तोंड वाकडं झालं, बोबडी वळली आणि दहा-पंधरा मिनिटांत सगळं जागेवर. डॉक्टर म्हणतात टीआयए, म्हणजे मेंदूचं रक्त थोडा वेळ अडलं आणि परत सुरू झालं. इथवर पटतं, पण रिपोर्टवर ट्रोपोनिन, बीएनपी असली हार्टची नावं दिसली की घरातल्यांची झोप उडते.

औशाकडचे एक काका, साठीतले, सोयाबीनवाले (ओळख पटेल असं सगळं बदललंय). सोबत मुलगा, कापडी पिशवीत फाईल. ट्रोपोनिनच्या आकड्यापुढं 'एच' (हाय, म्हणजे जास्त) छापलेलं आणि त्याला मुलानं लाल पेनानं गोल केलेला. काका महिनाभर उशा लावून बसूनच झोपत होते, शेतात एकटे जायचं बंद, आणि बोलता बोलता दोन बोटं सारखी मनगटावर.

"मॅडम, अटॅक येऊन गेला आन् ह्यांनी मला सांगितलं न्हाई."

"असं कोण म्हणलं?"

"कोण कशाला म्हणतंय, कागदावर हाय की."

मुलानं भावकीतल्या एकाचा रिपोर्ट आणून आकडेही ताडून बघितले होते. तो दुसऱ्या लॅबचा, एक ट्रोपोनिन टी तर दुसरा ट्रोपोनिन आय, म्हणजे पायलीची क्विंटलशी तुलना.

पहिल्या दोन भेटी मी समजावण्यात घालवल्या. ट्रोपोनिन अटॅकमध्ये वाढतं तसं किडनीच्या दुखण्यात, ठोके बिघडल्यावर, मेंदूला झटका बसल्यावरही वाढू शकतं, म्हणून काही तासांनी परत रक्त घेऊन आकडा चढतोय की तसाच आहे ते बघतात, काकांचा तसाच होता. काका मान हलवायचे, बोटं मनगटावरच.

तिसऱ्या वेळी फाईल उघडलीच नाही. सोयाबीन विकलं का विचारलं तर काका भडकले. "मोंढ्यावर मीटरनं मॉइश्चर चौदा दाखवलं, बाराच्या वर गेलं की भाव पाडतेत. माल एक नंबर होता मॅडम, काढणीला पाऊस लागला. मीटरला काय कळतंय माल कशानं ओला हाय ते."

मी गप्प. (हे गप्प राहणं जमायला मला बरीच वर्षं लागली, सहज येत नाही ते.) काकांनी पिशवीकडं बघितलं, मग मुलाकडं.

"मंग हे बी मीटरच हाय म्हना."

बोटं मनगटावरनं उठली होती. मला विचाराल तर भीती माहितीनं जात नाही, ती माहिती माणसाच्या रोजच्या धंद्यातल्या एखाद्या गोष्टीला जाऊन भिडावी लागते, आणि ती गोष्ट त्यानंच शोधावी लागते, मी दिली असती तर काकांनी परत नुसती मान हलवली असती.

पण इथं दुसरा धोका असतो, 'मीटरच आहे' म्हणून फाईल कपाटात जाते. ओला माल उन्हात घालावाच लागतो ना, तसं आकडा वाढला तर का वाढला हे डॉक्टरांना विचारायचंच. बीएनपी वाढलेलं म्हणजे हार्टच्या कप्प्यांवर ताण, आणि कधीकधी त्यामागं लपलेले अनियमित ठोके असतात. त्यात डाव्या वरच्या कप्प्यात गुठळी होते आणि तीच मेंदूत जाऊन अडकते. साध्या ईसीजीत काही सेकंदांचेच ठोके येतात, म्हणून २४ तासांचं किंवा जास्तीचं होल्टर, म्हणजे अंगावर लावून ठोके नोंदवणारं छोटं यंत्र, लावतात. ठोके सापडले तर रक्त पातळ करायची गोळी वेगळी असते, ती मनानं बंद करायची नाही. आणि परत हात जड पडला तर किती वाजले ते बघून तडक दवाखाना, बरं वाटलं तरी, कारण मोठ्या झटक्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत सगळ्यात जास्त असतो. लिंबूपाणी देऊन सकाळपर्यंत थांबणारी घरं मी खूप बघितलीत, तिथं मी गोड बोलत नाही.

काकांच्या होल्टरमध्ये ठोके सापडले, गोळी सुरू झाली. पुढच्या वेळी ते एकटेच एसटीनं आले. फाईल पोराकडं राहिली म्हणाले, गोळ्यांची पट्टी तेवढी बंडीच्या खिशातनं काढून दाखवली.