अरोवाना घेण्याआधी: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न (ठाणे): कुर्ल्याच्या मासेबाजारात सिल्व्हर अरोवानाची बोटाएवढी पिल्लं पाहिली. घरात तीन फुटी टाकी आहे. पिल्लू निवडताना काय बघू?

आधी टाकी बघा. ॲमेझॉनच्या खोऱ्यातला हा मासा नीट खायला मिळालं तर वर्षभरात फूट-दीड फुटाचा होतो आणि घरच्या टाकीतही पुढे दोन-अडीच फुटांवर जातो. अंग लांब असल्यामुळे त्याला वळायला रुंदी लागते, उंची नाही. माझ्या मते 6 फूट लांब, अडीच फूट रुंद आणि 2 फूट उंच ही कमीत कमी टाकी. तिच्यात साधारण 850 लिटर पाणी मावतं, म्हणजे नुसत्या पाण्याचंच वजन 850 किलो. फ्लॅटमध्ये ठेवणार असाल तर इंजिनिअरला विचारून जागा ठरवा. वर जड, घट्ट झाकण हवंच. रानात हा मासा पाण्याबाहेर उसळी मारून फांदीवरचे किडे टिपतो, ती सवय घरात सुटत नाही. एवढी जागा नसेल तर कृपा करून हा मासा घेऊ नका. मोठी टाकी नंतर घेऊ म्हणणाऱ्यांकडे मणका वाकलेले अरोवाना मी फार पाहिले आहेत.

जागा असेल तर आता पिल्लाकडे वळू. पोटाखाली बलकाची पिवळी-नारिंगी पिशवी लोंबत असलेलं पिल्लू टाळा. अरोवानाचा नर अंडी आणि पिल्लं स्वतःच्या तोंडात सांभाळतो. पिशवी असलेली पिल्लं बापाच्या तोंडातून लवकर काढलेली असतात, ती अजून स्वतःहून खात नाहीत आणि प्रवासात सहज दगावतात. चार-सहा इंचांचं पिल्लू घ्या. दोन्ही मिशा सरळ आणि सारख्या, कल्ल्यांची झाकणं अंगाला चिकटलेली, डोळे स्वच्छ, पाठ सरळ असावी. ते वरच्या थरात आडवं, शांत पोहत असावं. डोकं खाली करून कोपऱ्यात थांबलेलं नको. आणि दुकानदाराला तुमच्यासमोर खाऊ घालायला सांगा. मासा खात नसेल तर पैसे देऊ नका, भाव कितीही उतरवला तरी.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): आमच्या अरोवानाच्या कल्ल्याची कड बाहेर वळू लागली आहे. पाणी बोअरचं आहे. औषध कोणतं?

औषध नको, पाणी सुधारा. कल्ल्याच्या झाकणाची मऊ कड वळते ती बहुतेक वेळा साचलेली घाण, कमी ऑक्सिजन आणि अपुरी जागा यांमुळे. तुमच्याकडच्या उन्हाळ्यात टाकी तापते, आणि तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. त्यात वीज गेली आणि फिल्टर थांबला की मासा जोरजोरात कल्ले मारू लागतो. बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात ठेवाच.

आता आठवडाभर दर दोन दिवसांनी पंधरा-वीस टक्के पाणी बदला, नंतर आठवड्याला पंचवीस-तीस टक्के. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट (माशाच्या घाणीतून पाण्यात तयार होणारी विषारी द्रव्यं) शून्य दिसलं पाहिजे. नळाचं पाणी घालत असाल तर अँटीक्लोरीन (क्लोरीन घालवणारं द्रावण) विसरू नका. बोअरचं पाणी जड (क्षारांचं) असतं आणि अरोवानाला मऊ पाणी मानवतं हे खरं, पण पीएच उतरवायची रसायनं ओतत बसू नका. चढउतार जास्त घातक. तापमान 26 ते 30 अंशांत ठेवा. फक्त मऊ कड वळली असेल तर ती पुष्कळदा परत बसते. आतला कडक भाग वळला असेल तर माशांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याला दाखवा. घरी ब्लेड लावू नका, माझी कळकळीची विनंती आहे.

प्रश्न (नाशिक): अरोवानाचा एक डोळा खाली झुकलाय. त्याला खायला जिवंत गोल्डफिश देणं बंद करू का?

हो, आजच. डोळा झुकण्याची कारणं एकाहून अधिक सांगतात: डोळ्यामागे साठलेली चरबी, सतत खाली बघणं, आनुवंशिकता. पूर्ण झुकलेला डोळा सहसा वर येत नाही, मात्र त्यामुळे मासा आजारी पडत नाही. खाणं तरंगणारं द्या: पेलेट (तयार खाद्याच्या गोळ्या), पाळलेले रातकिडे, अधूनमधून डोक्याचा काटा काढलेली कोळंबी. गोल्डफिशबरोबर रोग घरात येतात, शिवाय त्यांच्या मांसात बी-1 जीवनसत्त्व नष्ट करणारं विकर (एन्झाइम) असतं.

प्रश्न (सांगली): अरोवानासोबत सकर (काचेवरचं शेवाळ खाणारा मासा) ठेवला तर चालेल?

नको. तो रात्री अरोवानाच्या अंगावरचा चिकट थर चाटतो, जखमा होतात. दोन अरोवानाही एकत्र नकोत.

प्रश्न (पुणे): ओळखीतून लाल अरोवाना स्वस्तात मिळतोय, कागद नाहीत. घेऊ?

घेऊ नका. लाल आणि सोनेरी अरोवाना आशियाई जातीचे. ही जात 1975 पासून साइट्स (संकटातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या) कराराच्या परिशिष्ट 1 मध्ये आहे, कारण रानात ती संकटात आहे. नोंदणीकृत फार्ममध्ये पैदा झालेल्या माशाच्या अंगात मायक्रोचिप असते आणि सोबत त्याच क्रमांकाचा दाखला. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्यात 2022 मध्ये झालेल्या दुरुस्तीने अशा जाती अनुसूची 4 मध्ये आल्या, आणि 2024 च्या नियमांनुसार त्यांची नोंद सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. मासा दुसऱ्याला दिला किंवा मेला तरी ते कळवावं लागतं. चिप आणि दाखल्याचा क्रमांक जुळत नसेल, तर किंमत न विचारता परत फिरा. सिल्व्हर अरोवाना साइट्सच्या परिशिष्टांत नाही, तो घ्या.