हंगेरीच्या समाजातली राजकीय फूट समजून घ्यायला कोणता सिनेमा पाहावा?

गाबोर राइस यांचा 2023 चा 'एक्सप्लनेशन फॉर एव्हरीथिंग' पाहाच. व्हेनिस महोत्सवात ओरिझोंती या नव्या वाटेच्या सिनेमांच्या विभागातला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार त्यालाच मिळाला होता.

बुडापेस्टमधला आबेल शाळेच्या शेवटच्या वर्षाला आहे. अभ्यासात लक्ष नाही, मन मैत्रिणीत गुंतलेलं. इतिहासाच्या तोंडी परीक्षेत त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. कोटावर मात्र लाल-पांढऱ्या-हिरव्या फितीचं फूल तसंच राहिलंय, 15 मार्चच्या राष्ट्रीय दिनाचं. मास्तर त्याबद्दल सहज विचारतात. घरी आबेल सांगतो, त्या फुलामुळेच नापास केलं. वडील कट्टर उजवे, मास्तर उदारमतवादी, आणि दोघांचं आधीच वाजलेलं. मग काय, बातमी थेट पेपरात!

हे फूल मुळात 1848 च्या क्रांतीचं, म्हणजे सगळ्यांचंच. पण 2002 च्या निवडणुकीत तेव्हाचे उजवे पंतप्रधान व्हिक्टर ओर्बान यांनी समर्थकांना ते लावायला सांगितलं आणि तेव्हापासून त्याला त्यांच्या पक्षाचा रंग चढला. ही पार्श्वभूमी माहीत असेल तर परीक्षेचा तो प्रसंग अंगावर येतो.

मला सर्वांत भिडलं ते हे, की दिग्दर्शक वडिलांनाही खलनायक करत नाही. दोघांच्या भांडणात आबेलला काय होतंय, हे मात्र कुणीच विचारत नाही.