अंधाराच्या कडा : ‘द इनोसंट्स’ घरच्या पडद्यावर पाहताना

गेल्या अंकात या सदरात जॅक क्लेटन यांच्या ‘द इनोसंट्स’ (१९६१) या ब्रिटिश कृष्णधवल चित्रपटाचा ओझरता उल्लेख झाला होता. त्यानंतर काही वाचकांनी तो मिळवून घरी पाहिला आणि आपल्या शंका कळवल्या. एका चित्रपटाविषयी इतक्या आस्थेने लिहिलेली पत्रे क्वचितच येतात, म्हणून या वेळचे संपूर्ण सदर त्यांनाच दिले आहे. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे तर, हेन्री जेम्स यांच्या १८९८ सालच्या ‘द टर्न ऑफ द स्क्रू’ या दीर्घकथेवर तो आधारलेला आहे. आईबाप नसलेल्या माइल्स आणि फ्लोरा या भावंडांना शिकवण्यासाठी मिस गिडन्स ही तरुणी ब्लाय नावाच्या एकाकी हवेलीत येते. या मुलांवर दोन मृत व्यक्तींची छाया पडली आहे, अशी तिची हळूहळू खात्री होत जाते. त्यांतला एक म्हणजे मालकाचा खासगी नोकर क्विंट आणि दुसरी म्हणजे मुलांची आधीची शिक्षिका मिस जेसेल. शेवट काय होतो ते येथे सांगितलेले नाही.

प्रश्न : माझ्याकडे मोठा टीव्ही आहे, तरीही या चित्रपटाच्या वेळी वर आणि खाली काळे पट्टे येतात. रिमोटवरील ‘झूम’ दाबले की पडदा पूर्ण भरतो आणि माणसेही मोठी दिसतात. मग पाऊण पडद्यावर चित्रपट पाहण्याचा आग्रह कशासाठी? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : ‘पाऊण पडदा’ हा आपला अंदाज अगदी बरोबर आहे. हा चित्रपट सिनेमास्कोप या रुंद पडद्याच्या पद्धतीत चित्रित झाला असून त्याच्या चौकटीची रुंदी उंचीच्या २.३५ पट आहे, तर आजच्या टीव्हीची रुंदी उंचीच्या १.७८ पट असते. पूर्ण चौकट दाखवायची तर टीव्हीच्या उंचीचा सुमारे चोवीस टक्के भाग रिकामा ठेवावाच लागतो. झूम केल्याने तो रिकामा भाग भरतो, पण त्याची किंमत म्हणून तितकेच चित्र डाव्या-उजव्या बाजूंनी कापले जाते. जुन्या चौकोनी टीव्हीच्या काळात पडदा भरण्यासाठी असेच कापलेले चित्र दाखवत, तेव्हा चाळीस टक्क्यांहून अधिक चित्र बाहेर राहत असे. एरवीच्या एखाद्या चित्रपटात एवढ्याने कदाचित फारसे बिघडणार नाही, पण या चित्रपटात कडा कापणे म्हणजे भीतीच कापून टाकण्यासारखे आहे, आणि हे मी शब्दशः म्हणतो आहे.

सिनेमास्कोपचा आग्रह ट्वेन्टिएथ सेंच्युरी फॉक्स या कंपनीचा होता. क्लेटन यांना ही आडवी चौकट मनापासून नको होती, कारण बंद दारे, अरुंद जिने आणि एकट्या स्त्रीचे मन यांची ही गोष्ट इतक्या ऐसपैस पडद्यावर सैल पडेल, अशी त्यांना भीती होती. त्यावर छायालेखक फ्रेडी फ्रान्सिस यांनी काढलेला तोडगा मला चित्रपटकलेतील अत्यंत सुंदर तोडग्यांपैकी एक वाटतो. त्यांनी भिंगापुढे लावायचे फिल्टर कडांच्या बाजूने हाताने रंगवून घेतले. त्यामुळे चौकटीचे डावे-उजवे टोक काळोखात बुडते आणि प्रकाश मधल्या भागात गोळा होतो. मिस गिडन्स हातात मेणबत्त्या घेऊन रात्रीच्या हवेलीतून फिरते, तेव्हा तिच्या दोन्ही बाजूंना जो अंधार दाटलेला दिसतो, तो त्या हवेलीतला जितका आहे तितकाच त्या रंगवलेल्या काचेचा आहे. आपली नजर मध्यावर असते, पण कडेला काहीतरी आहे ही जाणीव सुटत नाही. झूम केले की नेमक्या याच कडा जातात, मधला उजेडाचा भाग तेवढा उरतो आणि सगळे चित्र सारखेच उजळ, म्हणजे सामान्य, दिसू लागते.

दुसरी गोष्ट चित्राच्या खोलीची. फ्रान्सिस यांनी अनेक दृश्यांत जवळचा चेहरा आणि दूरवरची आकृती, दोन्ही एकाच वेळी स्पष्ट ठेवली आहेत. सिनेमास्कोपच्या भिंगांनी हे साधायचे तर भिंगाचे छिद्र बारीक ठेवावे लागते, आणि छिद्र बारीक म्हटले की प्रकाश प्रचंड लागतो. जे दृश्य आपल्याला काळोखाचे वाटते ते सेटवर झगझगीत दिव्यांखाली चित्रित झाले आहे. मेणबत्त्यांची ज्योत त्या दिव्यांपुढे फिकी पडू नये म्हणून एकेका मेणबत्तीत अनेक वाती एकत्र वळून घातल्या होत्या. म्हणून माझी विनंती अशी की झूम न करता खुर्ची टीव्हीच्या थोडी जवळ ओढून बसावे. चित्र मोठे दिसावे ही आपली इच्छाही त्याने पुरी होईल. खोलीतला दिवा मालवला की ते काळे पट्टे पाच मिनिटांत दिसेनासे होतात.

प्रश्न : मी डिस्क लावली तेव्हा आवाज सुरू झाला, पण चित्र येईना. एक मूल गाणे म्हणत होते आणि पडदा काळाच होता. मी दोनदा डिस्क काढून पुसली. ती सदोष आहे काय? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आपली डिस्क निर्दोष आहे. चित्रपट असाच सुरू होतो. कंपनीचे बोधचिन्ह येण्याच्याही आधी पूर्ण काळ्या पडद्यावर ‘ओ विलो वेली’ हे गाणे ऐकू येते. त्याचे शब्द पॉल डेन यांचे आहेत आणि चाल फ्रेंच संगीतकार जॉर्ज ऑरिक यांची. मुलाचा वाटणारा तो आवाज प्रत्यक्षात इस्ला कॅमेरॉन या गायिकेचा आहे. पुढे हीच चाल हवेलीत वारंवार भेटते, आणि प्रत्येक वेळी आपल्याला ती आधीपासून ओळखीची वाटते, कारण काहीही दिसण्यापूर्वी ती आपण अंधारात ऐकलेली असते. त्यासाठी बटण दाबण्याच्या आधीच दिवे मालवून आणि फोन दूर ठेवून बसावे. बहुतेक लोक ही तयारी बोधचिन्ह दिसल्यावर करतात, आणि या चित्रपटात तोवर उशीर झालेला असतो.

आवाजाविषयी आणखी थोडे. मृत व्यक्ती दिसतात त्या प्रसंगांत जे कंप पावणारे, कोणत्याही वाद्याचे न वाटणारे ध्वनी आहेत, ते डॅफ्नी ओरॅम यांनी इलेक्ट्रॉनिक साधनांनी तयार केले. बीबीसीचा रेडिओफोनिक वर्कशॉप हा ध्वनिप्रयोगांचा विभाग १९५८ साली उभा करणाऱ्यांपैकी त्या एक होत्या. श्रेयनामावलीत मात्र त्यांचे नाव नाही, याचे मला आजही वाईट वाटते. मूळ ध्वनी मोनो, म्हणजे एकाच वाहिनीचा आहे. टीव्हीतील कृत्रिम ‘सराउंड’ चालू असेल तर तो बंद करावा. बागेतील दृश्यात पाखरांचा आवाज अचानक थांबतो, ती शांतता नीट ऐकू आली पाहिजे.

प्रश्न : माझ्या नव्या टीव्हीवर या चित्रपटातील काळा रंग राखाडी दिसतो, चेहरे मेणाचे वाटतात आणि चालण्यात मालिकेसारखा गुळगुळीतपणा येतो. दोष टीव्हीचा की प्रतीचा? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : बहुधा दोन्हींचा नाही, दोष टीव्हीच्या कारखान्यात ठरवलेल्या सेटिंगचा आहे. आधी ‘व्हिविड’ किंवा ‘डायनॅमिक’ सोडून ‘सिनेमा’, ‘मूव्ही’ किंवा ‘फिल्ममेकर’ यांपैकी जे असेल ते निवडावे. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा असतो आणि टीव्ही मधल्या चौकटी स्वतः रचून घालतो, त्यामुळे तो मालिकेसारखा गुळगुळीतपणा येतो. ‘मोशन’च्या नावाने असलेली ती सोय पूर्ण बंद करावी. चेहरे मेणाचे दिसतात ते ‘नॉइज रिडक्शन’मुळे. फिल्मवर जो बारीक दाणा दिसतो तो कचरा नव्हे, चित्र त्या दाण्यांचेच बनलेले असते. तो पुसला की त्वचेचा पोतही पुसला जातो. रंगछटा ‘वॉर्म’कडे न्यावी, नाहीतर कृष्णधवल चित्रावर निळसर झाक येते.

काळा रंग राखाडी दिसण्याचे कारण थोडे वेगळे आहे. एलसीडी टीव्हीत मागचा दिवा सतत जळत असतो आणि त्याचा थोडा उजेड काळ्या भागातूनही झिरपतो. खोलीत अंधार करून ‘बॅकलाइट’ उतरवला तर फरक लगेच जाणवेल. ‘ब्राइटनेस’ मात्र फार खाली नेऊ नये, कारण तो काळ्याची पातळी ठरवतो; तो अति उतरवल्यास मिस जेसेलचा काळा पोशाख आणि तिच्या मागचा अंधार एकमेकांत मिसळून जातील. स्ट्रीमिंगवर पाहत असाल तर इंटरनेटचा वेग चांगला असतानाच पाहावे. संकलक जिम क्लार्क यांनी या चित्रपटात एक दृश्य दुसऱ्यात विरघळवताना विलक्षण वेळ घेतला आहे. कधी कधी पडद्यावर एकाच वेळी अनेक प्रतिमा एकमेकींवर तरंगत असतात. कमी दर्जाच्या प्रक्षेपणात अंधाराच्या या नाजूक पायऱ्या तुटतात आणि त्यांचे ठोकळे दिसू लागतात.

प्रश्न : आजकाल जुने चित्रपट संगणकाने रंगीत करून मिळतात. मुलांना दाखवायचा असेल तर तसा रंगीत करून घेतलेला बरा नाही का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : नाही, कृपया तसे करू नये. १९६१ साली रंगीत फिल्म सहज उपलब्ध होती. भयपटांसाठी ओळखल्या जाणाऱ्या हॅमर या ब्रिटिश कंपनीचा ‘ड्रॅक्युला’ तीन वर्षांपूर्वीच रंगात आला होता आणि त्यातले रक्त लालभडक होते. क्लेटन यांनी त्या वाटेने न जाण्याचे जाणीवपूर्वक ठरवले. मिस जेसेल तळ्याकाठच्या लव्हाळ्यात दिसते ती भर दिवसा. दूरवर, ताठ, काळ्या वस्त्रांत उभी. तेथे ना किंकाळी आहे ना झडप. राखाडी पाण्यात आणि राखाडी गवतात एक काळी उभी रेघ आहे आणि ती हलत नाही, एवढेच. ते गवत हिरवे झाले तर तो सहलीचा फोटो होईल. मुलांविषयी सांगायचे तर, यात रक्तपात नसला तरी विषय प्रौढांचा आहे. सोळा-सतरा वर्षांच्या आतल्या मुलांना मी तो दाखवणार नाही.

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत असते. तिच्याकडून डिस्क मागवली तर येथे चालेल का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : आधी प्लेअर तपासावा. ब्ल्यू-रेसाठी अमेरिका ‘ए’ विभागात, ब्रिटन ‘बी’ विभागात आणि भारत ‘सी’ विभागात येतो. क्रायटेरियन कंपनीने २०१४ साली ४के पुनर्संस्करणावरून काढलेली आवृत्ती उत्तम आहे, पण ती ‘ए’ विभागाची असल्याने सर्व विभागांच्या डिस्क चालवणारा प्लेअर लागेल. डीव्हीडीतही असेच आहे. अमेरिका १ आणि भारत ५. युरोपातील ‘पाल’ या टीव्ही-प्रक्षेपण पद्धतीच्या डीव्हीडीवर चित्रपट सेकंदाला २५ चौकटींनी धावतो. त्यामुळे शंभर मिनिटांचा चित्रपट शहाण्णव मिनिटांत संपतो आणि आवाजही किंचित चढा होऊ शकतो. ज्या चित्रपटाची सुरुवातच एका गाण्याने होते, त्यात हा फरक मला खटकतो. शक्य असेल तर ब्ल्यू-रेच घ्यावी.

प्रश्न : चित्रपट दोनदा पाहिला. भुते खरी आहेत की सारे मिस गिडन्सच्या मनाचे खेळ आहेत? घरात यावरून वाद झाला आहे. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : आपल्या घरातील दोन्ही पक्षांकडे पुरावे आहेत, आणि ते चित्रपटाने काळजीपूर्वक ठेवलेले आहेत. पटकथा विल्यम आर्चिबाल्ड आणि ट्रुमन कपोटी यांची असून काही दृश्ये आणि संवाद जॉन मॉर्टिमर यांचे आहेत. आर्चिबाल्ड यांनी याच कथेवर आधी नाटक लिहिले होते.

मनाचे खेळ म्हणणाऱ्यांनी क्रम पाहावा. मनोऱ्यावर उभा असलेला माणूस मिस गिडन्सला प्रथम दिसतो तेव्हा तो उन्हाच्या झळाळीत अस्पष्ट आहे. नंतर लपंडाव खेळताना माळ्यावर तिला क्विंटचे एक छोटे चित्र सापडते. त्यानंतर खिडकीच्या काचेपलीकडे तोच चेहरा स्पष्ट दिसतो, आणि मग ती घर सांभाळणाऱ्या मिसेस ग्रोसना त्याचे वर्णन सांगते. मूळ कथेत हे चित्र नाही. तेथे न पाहिलेल्या माणसाचे अचूक वर्णन हाच भुतांच्या बाजूचा मोठा पुरावा आहे. चित्रपटाने तो पुरावा हळूच काढून घेतला आहे. शिवाय बहुतेक वेळा कॅमेरा आधी तिचा चेहरा दाखवतो आणि मग तिने काय पाहिले ते दाखवतो, म्हणजे तिची भीती आपल्यापर्यंत आधी पोहोचते. मूळ कथेतील शिक्षिका वीस वर्षांची आहे, तर मिस गिडन्सची भूमिका करणाऱ्या डेबोरा कर त्या वेळी चाळिशीच्या उंबरठ्यावर होत्या. त्यामुळे तिच्या धार्मिकतेत आणि दबलेल्या आवाजात अनेक वर्षांचा एकटेपणा साठलेला जाणवतो. कर यांचे हे काम मला त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत धाडसी काम वाटते, कारण प्रेक्षकांची सहानुभूती आणि संशय ही दोन्ही त्या एकाच चेहऱ्यावर शेवटपर्यंत पेलतात.

आता दुसरी बाजू. अभ्यासाच्या खोलीत मिस जेसेल मुलांच्या मेजाशी बसून रडताना दिसते. मिस गिडन्स जवळ जाते तोवर ती नाहीशी झालेली असते. तेथील पाटीवर मात्र पाण्याचा एक थेंब असतो, आणि मिस गिडन्स त्याला बोट लावते. तिसऱ्या वेळी पाहाल तेव्हा ते दृश्य थांबवून त्या बोटाकडे पाहावे. ते ओले होते.